जुन्या लष्करी जीपचा खरा भाग कोणता?



गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी नागझिऱ्याच्या संदर्भात ऐकले असेल. तिरोडा तालुक्यातील हे लहानसे गाव. जवळच त्याच नावाचा तलाव आणि नागझिरा अभयारण्यात जाण्याचे एक प्रवेशद्वार. या फाटकातून पर्यटकांना घेऊन उघड्या जिप्सी गाड्या जंगलात जातात. पर्यटकांचे सारे लक्ष वाघाकडे असते. आपण मात्र आज गाडीकडे पाहणार आहोत.

जिप्सी आपल्याकडे १९८५ मध्ये आली. पुढे आपल्या सेनादलांनीही ती मोठ्या संख्येने वापरली. तिचे बाह्य रूप वर्षानुवर्षे जवळजवळ तेच राहिले. आतून मात्र ती बदलत गेली. सुरुवातीचे इंजिन ९७० घन सेंटिमीटरचे होते. १९९३ मध्ये डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर ९ सेंटिमीटरांनी वाढवण्यात आले. १९९६ मध्ये सुमारे १३०० घन सेंटिमीटरचे इंजिन आले.

आता अशी कल्पना करा, की २०५० साली कोणा हौशी माणसाने १९९२ ची एक मोडकी जिप्सी मूळ रूपात उभी करायला घेतली. भंगारवाल्याकडे त्याला १९९८ च्या जिप्सीचे चाकांसकट आस मिळाले. रंग तोच, कंपनी तीच, नाव तेच. त्याने खटपट करून ते जोडले. गाडी चालूही लागली. पण १९९२ मध्ये एवढ्या रुंद चाकांची जिप्सी निघतच नव्हती! मग ही गाडी पाहणाऱ्याला १९९२ विषयी जे सांगेल ते खरे म्हणायचे का?

भाग बसला म्हणजे तो बरोबर असतोच असे नाही. मग बरोबर भाग ओळखायचा कसा? भूतकाळातील एका कारखान्यात काय घडले, हे आज हातातल्या लोखंडाच्या तुकड्यावरून कसे ठरवायचे? हा इतिहासाचा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर काढण्याची साधने बरीचशी तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत. ती कशी वापरायची हे पाहण्यासाठी आपण जिप्सीच्या आधीचे, साऱ्या जगाला ठाऊक असलेले लष्करी वाहन घेऊ. ते म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जीप.

जीप आणि तिची भावंडे

युद्धकालीन जीप १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत तयार झाली. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. दोघींचे सुटे भाग एकमेकींच्या गाडीला बसले पाहिजेत, अशी सेनेची अट होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे यांतील पुष्कळ गाड्या भारतात आल्या. युद्ध संपल्यावर अनेक गाड्या विकल्या गेल्या आणि ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला.

स्वातंत्र्याच्या आगेमागेच मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीज कंपनीशी करार केला. परदेशातून आलेले भाग माझगाव येथे जोडून नागरी वापराच्या जीपगाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्या येथेच बनू लागल्या आणि खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर अनेक दशके धावल्या.

याचा परिणाम काय झाला असेल? समजा, १९४३ ची एक डिस्पोजलची जीप १९६५ मध्ये विदर्भातील एखाद्या गावी बंद पडली. अमेरिकेतून भाग कोण आणणार? मिस्त्रीने महिंद्र जीपचा मिळताजुळता भाग बसवला. त्याने अगदी शहाणपणाचे काम केले. त्याच्यामुळेच ती गाडी भंगारात गेली नाही. पण अशा वीस दुरुस्त्यांनंतर गाडीत १९४३, १९५५, १९६५ आणि १९८० ही सारी साले एकत्र नांदू लागतात. आज तिचा जीर्णोद्धार करणाऱ्याला ती वेगळी ओळखावी लागतात.

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी वापरतो. काळ्या पाषाणाच्या हेमाडपंती देवळाला चकचकीत फरशी लावली, तर देऊळ स्वच्छ दिसेल. पण त्याचे वय सांगणाऱ्या खुणा झाकल्या जातील. जुन्या वाहनाचेही तसेच आहे. आता तर याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत भर घातली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ मानली जाते. तिच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. तेव्हा ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय, हे नीट ठरवता आले पाहिजे.

पहिला प्रश्न : कोणत्या दिवसाची गाडी?

कोणताही भाग निवडण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते. आपल्याला ही गाडी कोणत्या दिवसाची दाखवायची आहे? १९४३ मध्ये कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवसाची? १९४५ मध्ये आघाडीवर होती त्या दिवसाची? की १९५५ मध्ये भारतीय सेनेत काम करत होती त्या दिवसाची?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण त्यावरच सारे अवलंबून आहे. एक उदाहरण घ्या. विलीज कंपनीच्या गाडीत सांगाड्याचा अगदी पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असे, तर फोर्डच्या गाडीत तो पत्रा वाकवून केलेला, चौकोनी घडणीचा असे. फोर्ड कंपनी आपल्या अनेक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटवत असे. आता तुमच्यासमोरच्या गाडीचा पुढचा दांडा गोल आहे, पण बऱ्याच बोल्टांवर ‘एफ’ आहे. म्हणजे गाडी मिश्र आहे. ‘एफ’चे बोल्ट काढून टाकायचे का?

थांबा. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसत होते, आणि सेनेच्या दुरुस्ती पथकांना गाडी लवकर चालू करण्याची घाई होती. भारतीय सेनेत यांत्रिक दुरुस्तीचे काम पाहणारे ई.एम.ई. हे दल १९४३ मध्येच उभे राहिले. अशा कार्यशाळांत एका मोडलेल्या गाडीचा भाग दुसरीला लावणे हे रोजचे काम होते. तेव्हा ‘कारखान्याच्या दारातील गाडी’ हवी असेल तर ते बोल्ट चूक आहेत. ‘आघाडीवरील गाडी’ हवी असेल तर तेच बोल्ट बरोबर असू शकतील. भाग तोच, पण दिवस बदलला की उत्तर बदलते.

भौतिकशास्त्रात आपण वस्तूचा वेग सांगताना ‘कशाच्या संदर्भात’ हे आधी विचारतो. येथेही तसेच आहे. संदर्भाचा दिवस सांगितल्याशिवाय ‘बरोबर भाग’ या शब्दांना अर्थ नाही.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा

आता साक्षीपुरावे गोळा करू. पहिली पायरी सोपी आहे : मोजा. जीपच्या तोंडावरील जाळीतील उभ्या फटी मोजा. युद्धकालीन जीपच्या पत्र्याच्या जाळीत ९ फटी असतात, युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये ७. विलीजच्या अगदी सुरुवातीच्या सुमारे २५ हजार गाड्यांना मात्र पत्र्याची जाळी नव्हतीच. त्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती.

नंतर मागे जा. नागरी जीपची मागची बाजू सामान चढवण्यासाठी उघडता येते. युद्धकालीन जीपची मागची बाजू बंद असते व तिच्यावर जादा चाक टांगलेले असते. मग पेट्रोल कोठून भरतात ते पाहा. युद्धकालीन जीपची टाकी चालकाच्या बैठकीखाली असे, आणि पेट्रोल भरण्यासाठी बैठक उचलावी लागे. शेवटी पुढचे दिवे पाहा. ते बिजागरीवर बसवलेले असत. रात्री दुरुस्ती करताना ते उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येई. ही सोय शेतीसाठी किंवा बाजारहाटासाठी जीप घेणाऱ्याला फारशी लागणार नव्हती.

अशा खुणा गाडीची वंशावळ सांगतात. पण डोळ्यांना फसवता येते. नऊ फटींची जाळी आजही कोणी पत्रा कापून बनवू शकेल. म्हणून पुढची साक्ष मापाची.

मापाची साक्ष : बोल्टाचे आटे

बोल्टावरील लागोपाठच्या दोन आट्यांमधील अंतर म्हणजे त्या आट्याचे अंतराल, किंवा पिच. तुमच्या स्क्रू गेजमध्ये हाच शब्द येतो. युद्धकालीन जीप अमेरिकी इंची मापांत बनलेली आहे. तिच्यातील एका नेहमीच्या बोल्टाचा व्यास ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर असतो. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा मेट्रिक बोल्ट ८ मिलिमीटरचा असतो. फरक ०.०६ मिलिमीटरचा. हाताला तो कळणारही नाही.

पण आता आटे मोजा. ५/१६ इंची बारीक आट्याच्या अमेरिकी बोल्टावर एका इंचात २४ आटे असतात. म्हणून त्याचे अंतराल

२५.४ ÷ २४ = १.०६ मिलिमीटर.

८ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टाचे अंतराल १.२५ मिलिमीटर असते. म्हणजे दर आट्याला ०.१९ मिलिमीटरचा फरक पडतो. पाच आट्यांत हा फरक ०.९५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एका संपूर्ण आट्याएवढा होतो! अशा बोल्टावर मेट्रिक नट हाताने थोडासा फिरतो आणि अडकतो. घाईत असलेला माणूस पाना लावून जोर करतो. मऊ धातूचे आटे कापले जातात आणि नट ‘घट्ट’ बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो एकदोन आट्यांच्या तुकड्यांवर टांगलेला असतो. हा बोल्ट चाकाजवळ किंवा सुकाणूजवळ असेल, तर इतिहासाची चूक अपघाताची चूक होते.

ब्रिटिश वाहनांत आणखी तिसरा प्रकार आढळतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आहे. अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना या गोंधळाचा इतका जाच झाला, की १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी इंची आट्यांचे एकच समान माप मान्य केले.

आट्यांवरून काळाचाही अंदाज येतो. आपल्या देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. तेव्हा १९४३ च्या अमेरिकी जीपमध्ये मेट्रिक बोल्ट सापडला, तर तो येथील नंतरच्या दुरुस्तीचा असण्याची शक्यता फार मोठी.

पण हाच नियम डोळे झाकून सगळीकडे लावू नका. गोंदियाहून बालाघाटमार्गे उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग जबलपूरला पोचतो. तेथील वाहन कारखान्यात भारतीय सेनेसाठी ‘जोंगा’ ही गाडी तयार होत असे. ती निसान या जपानी कंपनीच्या गाडीवरून बेतलेली होती, आणि जपानी गाडी मेट्रिक मापांची. म्हणून जीपमध्ये जो बोल्ट उपरा, तोच जोंगामध्ये घरचा!

इंजिनाची साक्ष : आकारमान सारखे, इंजिन वेगळे

युद्धकालीन जीपच्या इंजिनाला चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ७.९४ सेंटिमीटर आणि त्यातील दट्ट्याची धाव ११.११ सेंटिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला येतेच :

घनफळ = ३.१४१६ × (३.९७)² × ११.११ × ४ = सुमारे २२०० घन सेंटिमीटर.

आता गंमत पाहा. पुढे महिंद्र जीपमध्ये आलेल्या विलीज घराण्यातील नंतरच्या इंजिनाचा व्यास आणि धाव हीच आहेत. उत्तर तेच, २२०० घन सेंटिमीटर. मग दोन्ही इंजिने एकच का? नाही. युद्धकालीन इंजिनात इंधन आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूला, खालच्या ठोकळ्यात असतात. नंतरच्या इंजिनात आत घेणारी झडप सिलिंडरच्या डोक्यावर नेली आहे. त्यामुळे हवा व पेट्रोलची वाफ आत येण्याचा मार्ग मोकळा झाला आणि शक्ती वाढली. परंतु इंजिन उंचही झाले, आणि ते झाकण्यासाठी गाडीचे बॉनेट उंच करावे लागले. आपल्याकडील जुन्या महिंद्र जीपचे उंच नाक तुम्ही पाहिले असेल. त्याचे कारण हे!

यावरून एक महत्त्वाची गोष्ट शिका. एक माप जुळले म्हणून दोन वस्तू एक ठरत नाहीत. वर्गातील दोन मुलांची उंची सारखी असली, म्हणून ती जुळी ठरत नाहीत.

विजेची साक्ष : ६ व्होल्ट की १२?

सर्वसाधारण युद्धकालीन जीपची विजेची रचना ६ व्होल्टची होती. शिसे व आम्ल असलेल्या एका विद्युतघटाचे विभवांतर सुमारे २ व्होल्ट. म्हणून बॅटरीत तीन घट. नंतरच्या गाड्यांत १२ व्होल्ट, म्हणजे सहा घट आले.

समजा, ६ व्होल्ट, २४ वॅटचा दिवा आहे. त्यातून ४ अँपिअर धारा जाते आणि पेटलेल्या तारेचा रोध १.५ ओहम आहे. हाच दिवा १२ व्होल्टला जोडला आणि रोध तेवढाच राहिला असे धरले, तर

शक्ती = (विभवांतर)² ÷ रोध = १४४ ÷ १.५ = ९६ वॅट.

विभवांतर दुप्पट, शक्ती चौपट! प्रत्यक्षात तार अधिक तापल्याने तिचा रोध वाढतो आणि शक्ती याहून थोडी कमी भरते; पण दिवा काही टिकत नाही.

आता उलट बाजू पाहा. इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीला ६०० वॅट शक्ती हवी आहे असे समजा. ६ व्होल्टच्या गाडीत त्यासाठी १०० अँपिअर धारा लागेल, १२ व्होल्टच्या गाडीत ५० अँपिअर. बॅटरीपासून मोटारीपर्यंतच्या तारेचा रोध ०.००५ ओहम असेल, तर तारेत वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. पहिल्या गाडीत ती ५० वॅट, दुसरीत केवळ १२.५ वॅट. म्हणूनच जुन्या जीपची ही तार चांगली जाड असते. ‘एवढी जाड तार कशाला?’ असे म्हणून कोणी आजच्या गाडीची बारीक तार लावली, तर थंडीच्या सकाळी जीप कुरकुरत राहील, आणि दोष मात्र बिचाऱ्या बॅटरीला दिला जाईल.

म्हणजे एकच भाग सुटा घेऊन त्याला बरोबर किंवा चूक ठरवता येत नाही. दिवा, तार, बॅटरी आणि मोटार यांचे एक कुटुंब असते. एक बदलला की बाकीच्यांनाही विचारावे लागते.

रंगाची साक्ष

लष्करी जीपचा रंग मळकट हिरवा आणि मंद असतो. चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाशाचे नियमित परावर्तन होते आणि ऊन पडताच गाडी दुरून चमकते. खरबरीत रंगावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. शत्रूच्या नजरेतून वाचण्यासाठी हेच हवे. तेव्हा मिरवणुकीतील चकाकणारी ‘लष्करी’ जीप पाहिलीत, तर तिच्या रंगाविषयी शंका घ्यायला जागा आहे.

मूळ छटा शोधायची कशी? जुन्या गाडीवर रंगाचे अनेक थर असतात. एका जागी बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून गोलाकार घासत गेले, की झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे थरांची वर्तुळे दिसू लागतात. सर्वांत आतला थर सर्वांत जुना. भूगर्भातील थर वाचण्याचा नियमही हाच आहे. ही जागा बैठकीखाली, माहितीच्या पट्टीमागे किंवा हत्यारांच्या पेटीत निवडावी. कारण उघड्या भागातील रंग उन्हाने फिका पडलेला असतो. आणि छटा जुळवताना ती दिवसाच्या उजेडातच पाहावी. दोन रंग ट्यूबलाइटखाली अगदी एक वाटतात आणि उन्हात निराळे दिसतात, कारण दोन्ही प्रकाशांतील तरंगलांबींचे मिश्रण वेगळे असते.

येथे सर्वांत मोठा धोका आहे. पुष्कळदा काम सुरू होते तेच सगळी गाडी घासून स्वच्छ पत्रा काढण्यापासून. त्या एका दिवसात साठ-सत्तर वर्षांचे थर, त्याखाली लपलेले सेनेचे क्रमांक आणि पथकाच्या खुणा धुळीत जातात. बोल्ट चुकला तर बदलता येतो. घासून गेलेला पुरावा परत आणता येत नाही. म्हणून आधी पाहा, मोजा, छायाचित्र काढा, लिहून ठेवा. मगच पॉलिश पेपर हाती घ्या.

जेथे जुना भाग नकोच

मूळ तो सर्व चांगला, असेही समजू नका. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲसबेस्टॉस वापरत; त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. ब्रेकच्या रबरी नळ्याही वयाने कडक होऊन तडकतात. येथे नवा, सुरक्षित भागच घालावा.

युद्धकाळातील काही लष्करी उपकरणांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडिअमयुक्त रंग असे. आज त्या चमकत नाहीत, म्हणून त्या निरुपद्रवी झाल्या असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात विझला आहे तो त्या रंगातील चमकणारा पदार्थ. रेडिअमचा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षे आहे. ऐंशी वर्षांत त्यातील जेमतेम ३ ते ४ टक्के भाग कमी होतो. अशी तबकडी कधीही उघडू नये, खरवडू नये.

मग इतिहासाचे काय? त्याचा उपाय नोंदवही. कोणता भाग मूळ, कोणता त्याच काळातील पण दुसऱ्या गाडीचा, कोणता आज नवा केलेला आणि तो का बदलला, हे तारखेसह लिहावे. नव्या भागावर न दिसणाऱ्या बाजूस त्याचे साल कोरावे. जुने साल कोरलेली नवी पट्टी मूळ म्हणून लावणे ही लबाडी आहे. नवा भाग नवा म्हणून लावणे हा प्रामाणिकपणा आहे. प्रयोगवहीत न घेतलेले निरीक्षण लिहू नये हे तुम्हाला शिकवले जाते, त्याचेच हे दुसरे रूप. आणि जेथे पुरावा संपून नुसता तर्क सुरू होतो, तेथे हात आखडता घ्यावा. भाग सापडेपर्यंत जागा रिकामी राहिली तरी चालेल.

करून पाहा

१. सायकल, मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानांतून टाकाऊ बोल्ट मागून आणा. व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजा. पट्टी लावून दहा अंतरालांची लांबी मोजा आणि तिला १० ने भागा. इंची आणि मेट्रिक असे गट पाडा. एकाच अंतरालाऐवजी दहांची लांबी का मोजायची, याचे उत्तर वहीत लिहा.

२. मोटारीच्या टायरच्या कडेवर लांबोड्या चौकटीतील चार अंक शोधा. २००० सालापासून यांतील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन अंक वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अशा चार अंकांचा टायर लावलेली ‘१९४४ ची अस्सल’ जीप पाहिलीत, तर निदान टायरपुरते उत्तर तुमच्या हाती आहे!

३. गावातील एखादे जुने वाहन निवडा. मालकाची परवानगी घेऊन त्याची नोंद करा : पट्टीवरील माहिती, दिव्यांचे व्होल्ट, रंगाचे दिसणारे थर, बदललेले भाग. इंजिन बंद असतानाच पाहा आणि उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. चोरखमारा परिसरातील विद्यार्थ्यांना यासाठी जिप्सी जवळच आहे. तिची सर्वसाधारण विक्री कंपनीने २०१९ मध्ये थांबवली. आज जी नोंद तुम्ही सहज कराल, ती पन्नास वर्षांनी कोणाला तरी शोधूनही मिळणार नाही.

विचार करा

१. एका ५/१६ इंची बोल्टावर इंचात १८ आटे आहेत. त्याचे अंतराल किती? ८ मिलिमीटरच्या मेट्रिक नटाशी (अंतराल १.२५) सुमारे किती आट्यांनंतर एका पूर्ण आट्याची तफावत पडेल?

२. ६ व्होल्ट, ३६ वॅटच्या दिव्याचा रोध किती? रोध तोच धरल्यास १२ व्होल्टला तो किती शक्ती घेईल?

३. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये स्थापन झाले. तेथे १९६५ च्या युद्धात हाती लागलेले पॅटन रणगाडेही ठेवले आहेत. समजा, अशा एका रणगाड्याच्या पोलादाला तोफगोळ्याने भोक पडलेले आहे. कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखा तो करायचा, तर ते भोक बुजवावे लागेल. तुम्ही बुजवाल का? आपले उत्तर कारणांसह दहा ओळींत लिहा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.

उत्तरे : (१) १.४१ मिलिमीटर, सुमारे ८ आटे. (२) १ ओहम, १४४ वॅट. (३) याचे उत्तर आकड्यांत नाही. ‘कोणत्या दिवसाचा रणगाडा?’ हे आधी ठरवा.